चकाच्या रेषेत न थांबणारा मामा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपला लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कातायच्या यंत्रावर, नवीन पोरं तयार करण्यासाठी काहीतरी हवं होतं. काहीतरी म्हणजे काय, ते मालकांना नेमकं सांगता येत नव्हतं. ‘व्हिडिओ दाखवून झाले, पोरं झोपतात,’ एवढंच त्यांचं म्हणणं. हायड्रॉलिक्सचे सुटे भाग करणारं शॉप. खानापूर, येळ्ळूर, मच्छे, पिरनवाडीकडची आयटीआय झालेली पोरं येतात, शिकतात आणि जरा हात बसला की पुण्याला नाहीतर गोव्याला निघून जातात. शिकवणारा माणूस एकच: शॉपमधले सर्वांत जुने टर्नर (लेथवाले), ज्यांना सगळे नुसतं मिस्त्री म्हणतात. त्यांचे गुडघे गेलेले आणि रिटायरमेंट तोंडावर आलेली.

मी पुण्यात अ‍ॅनिमेशन शिकून, थोडी नोकरी करून बेळगावच्या शहापूरला घरी परतलेली. माझा पार्टनर प्रोग्रॅमर. आम्ही मालकांना सुचवलं की चष्मा लावला की लेथशेजारी एक माणूस उभा दिसेल, तो पोराला बोट धरून एकेक पायरी शिकवेल. चष्म्यातून दिसणारं खरं शॉप तसंच राहणार, त्यात फक्त हा एक खोटा माणूस भरीला. त्याला पोरांनी पहिल्या आठवड्यातच ‘मामा’ करून टाकलं. मी एक भारदस्त नाव शोधून ठेवलं होतं, ते वहीतच राहिलं.

ही कल्पना काही आमच्या डोक्यातून आलेली नाही. ‘ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी’ म्हणजे खऱ्या दृश्यावर आभासी चित्राची भर, हे नावच कारखान्यातून आलंय. विमानातल्या वायरींची जुडगी बांधणाऱ्या कामगारांना डोळ्यांसमोर खुणा दिसाव्यात म्हणून बोईंगच्या टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी जो निबंध लिहिला, तो १९९२ चा. पुढं नव्वदच्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियात जेफ रिकेल आणि लुईस जॉन्सन यांनी ‘स्टीव्ह’ नावाचा आभासी शिक्षक केला. तो अमेरिकन नौदलाच्या जहाजावरचा उच्च दाबाचा कॉम्प्रेसर कसा चालवायचा ते दाखवायचा, मग बाजूला होऊन शिकणाऱ्याचं काम बघायचा. तो सगळा खेळ पूर्ण आभासी जगातला, म्हणजे कॉम्प्रेसरही खोटा. आमच्याकडं लेथ खरा, त्यावरचा चक (तुकडा धरून फिरवणारी पकड) खरा, आणि हात गेला तर तोही खराच जाणार. या एका फरकामुळं आमचं अर्धं डिझाइन बदललं.

सुरुवात चेहऱ्यापासून केली, सगळेच करतात. माझ्याकडं एक बऱ्यापैकी वास्तव डोकं तयार होतं: त्वचेवर छिद्रं, डोळ्यांत ओल, कपाळावर आठ्या. शॉपमध्ये उभं केल्यावर ते पुतळ्यासारखं दिसायला लागलं. जपानी रोबोटतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये मांडलेली गोष्ट अ‍ॅनिमेशनच्या पहिल्या वर्षालाच शिकवतात. बाहुली माणसासारखी होत जाते तसतशी आवडत जाते, आणि अगदी माणसाजवळ पोचली, पण पोचली नाही, की एकदम अंगावर काटा येतो. तेव्हा तपशील काढून टाकत गेले. उरला तो साधा, थोडा चित्रातला वाटावा असा पन्नाशीचा माणूस: रुंद कपाळ, जाड भुवया आणि भरघोस मिशी.

मिशीला एक व्यावहारिक कारण आहे. ओठ हलवून देणारी तयार सॉफ्टवेअरं इंग्रजीसाठी घडवलेली असतात, मराठीला ती अर्धवट लागू पडतात. पण बघणाऱ्याचा डोळा ओठांत मोजक्याच गोष्टी तपासतो. प, ब, भ, म ला ओठ मिटले पाहिजेत आणि ओ-ऊ ला गोल झाले पाहिजेत. जीभ आत काय करते ते कुणाला दिसत नाही, त्यामुळं ‘ळ’ फुकटात निघून जातो. वरचा ओठ मिशीखाली गेला की उरलेली कसरही झाकली जाते. मिशी हा आमच्या प्रकल्पातला सगळ्यात स्वस्त उपाय ठरला.

मग चष्मा. एका कॉलेजच्या लॅबमधून मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स २ काही काळासाठी मिळाला. २०१९ मध्ये आलेलं यंत्र, पण या कामाला आजही चालतं. अशा चष्म्यात काचेतून खरं जग दिसतं आणि त्यावर प्रकाशाचं चित्र पडतं. प्रकाश भरता येतो, काढून घेता येत नाही. म्हणजे काळा रंग दाखवताच येत नाही, काळं जे काही असेल ते पारदर्शक होतं. मामाची काळी मिशी, काळे केस, काळे बूट, सगळ्यातून मागचं टूलचं कपाट दिसायला लागलं. केस पिकवले, मिशी राखाडी केली, अंगात फिक्या खाकीचा शर्ट दिला, तेव्हा माणूस जरा भरीव झाला. सावलीचंही तेच. पायाखाली सावली नसलेला माणूस तरंगतो, हे कुठलाही अ‍ॅनिमेटर झोपेतही सांगेल. पण सावली म्हणजे काळोख, आणि काळोख टाकायचा कसा? त्यावर एक जुनी युक्ती आहे. सावलीची जागा मोकळी सोडायची आणि तिच्या भोवतीची फरशी किंचित उजळ करायची. डोळा फसतो. आमच्या शॉपच्या ऑइल पिऊन काळपट झालेल्या कोब्यावर ही युक्ती चांगली बसली.

दुसरी अडचण मापाची. या चष्म्याला चित्र दाखवायला आडवे सुमारे ४३ अंश आणि उभे सुमारे २९ अंश एवढीच खिडकी आहे. हिशेब केला तर दीड मीटरवर पाऊण मीटरचा तुकडा दिसतो, आणि तीन मीटरवर गेलात तरी साडेपाच फुटी माणूस डोक्यापासून पायापर्यंत मावत नाही. पोराने जॉबकडं, म्हणजे कातायच्या तुकड्याकडं, बघितलं की मामाचं डोकं उडालेलं, मामाकडं बघितलं की पाय गायब. यावर उपाय लेथनंच दिला. मामाला मशीनच्या पलीकडं उभं केलं की कमरेखालचा भाग बेड आणि चिप ट्रे झाकतात. जे कापलं जायचं ते आता झाकलं जातंय असं वाटतं, आणि झाकलं जाणं माणसाला सवयीचं असतं. त्यासाठी लेथचं एक ओबडधोबड थ्रीडी मॉडेल करून ते न दिसणारं ठेवलं. त्याच्यामागं मामाचा जो भाग जाईल तो काढायचाच नाही. मॉडेल आणि खरा लेथ एकमेकांवर नीट बसावेत म्हणून हेडस्टॉकवर, म्हणजे लेथच्या चकाकडच्या टोकाला, एक क्यूआर कोड चिकटवला. ऑइलचे हात लागून तो काळा व्हायचा, मग त्यावर अ‍ॅक्रिलिकचा तुकडा स्क्रूनं बसवला.

सगळं जमून आलं असं वाटल्यावर मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी चष्मा चढवला, मामाकडं वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि पहिलं वाक्य काढलं, ‘चकाच्या समोर हुबा ऱ्हाणारा कसला मिस्त्री गं पोरी?’

मामा चकाच्या अगदी बरोबर पलीकडं उभा होता. मला तिथून जॉबवर बोट दाखवायला सोयीचं वाटलं होतं. पण चक फिरतो त्या पातळीत, त्याच्या रेषेत, कुणी थांबत नाही. जॉब सुटला, चकाचा जबडा सैल राहिला किंवा चक आवळायची चावी आत राहून गेली, तर ती वस्तू त्याच रेषेत सुटते. जुना टर्नर मशीन चालू करताना नकळत अर्धं पाऊल टेलस्टॉककडं, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाकडं, सरकतो. मिस्त्री ते कधी बोलून शिकवत नाहीत, फक्त सरकतात. चार दिवस त्यांच्याशेजारी उभं राहिलेलं पोरगंही सरकायला लागतं.

मिस्त्रींची दुसरी हरकत कपड्यांवर होती. खांद्यावर टॉवेल टाकलेला मिस्त्री हे माझ्या डोक्यातलं चित्र. त्या टॉवेलावर मी खूप जीव लावला होता, कारण तो पंख्याच्या वाऱ्यानं हलणार होता. सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठातल्या ग्रेग वेल्च यांच्या गटानं या प्रकारच्या छोट्या गोष्टींवर सुंदर काम केलंय. खोलीत खरा पंखा चालू आहे, आणि आभासी बाईसमोरचा आभासी कागद त्या वाऱ्यानं फडफडतो, ती पंख्याकडं बघते. एवढ्यानं लोकांना ती जास्त ‘तिथं असल्यासारखी’ वाटते. त्याच गटाच्या २०१६ च्या एका प्रयोगात टेबल होतं, अर्धं खरं आणि अर्धं पडद्यावरचं. पलीकडच्या आभासी बाईनं हात टेकला की अलीकडचं खरं टेबल जरासं डुगडुगायचं. तेवढ्यानं तिची उपस्थिती जाणवू लागली. हे सगळं मी मिस्त्रींना उत्साहानं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, ‘वारं लागू दे की. खरं लेथवर टॉवेल न्हाई. गळ्याला फास लागंल.’ टॉवेल गेला. वारा शर्टाच्या कॉलरवर आणि खिशातल्या कागदाच्या टोकावर ठेवला. शॉपच्या स्टँड फॅनची मान फिरते त्या लयीत तो कागद हलतो. किती जणांच्या लक्षात येतं देव जाणे, पण मला ते आवडतं.

टॉवेलाच्या जागी मिस्त्रींनी एक हालचाल सुचवली, आणि ती अख्ख्या प्रकल्पातली सगळ्यात चांगली ठरली. मामा लेथजवळ येतो, काही बोलायच्या आधी मनगटावरचं घड्याळ काढतो, शर्टाच्या खिशात टाकतो आणि खिशाचं बटण लावतो. मग बाह्या कोपरापर्यंत दुमडतो. बोलत काहीच नाही. अ‍ॅनिमेशनच्या दृष्टीनं ही कटकट असते. घड्याळाचा पट्टा, बटण, बोटं, सगळं हातानं बसवावं लागतं, खऱ्या माणसावरून कॅप्चर केलेली हालचाल तिथं उपयोगी पडत नाही. पहिल्यांदा चाचणीला आलेल्या मुलीनं हे बघितलं, क्षणभर थांबली, आणि स्वतःच्या हातातलं कडं काढून डब्यात ठेवलं. सुरक्षेच्या व्हिडिओत ‘दागिने काढून ठेवा’ ही सूचना येऊन गेली होती, तेव्हा ते कडं हातातच होतं.

कार्नेगी मेलनचे जोसेफ बेट्स यांनी १९९४ मध्ये ‘बिलीव्हेबल एजंट’ची कल्पना मांडताना स्पष्ट केलं होतं की पात्र खरं वाटणं म्हणजे ते प्रामाणिक किंवा भरवशाचं असणं नव्हे, ते जिवंत वाटलं पाहिजे एवढंच. नाटकासाठी, खेळासाठी हे बरोबर आहे. खलनायकही खरा वाटतोच. शॉपमध्ये मात्र मला हे दोन वेगळे काढता येईनात. मामा जिवंत केव्हा वाटतो? चुकीच्या जागी उभा राहत नाही तेव्हा. म्हणजे भरवशाचा वागतो तेव्हाच. उलट, सुंदर पापण्या मिटणारा, गोड बोलणारा माणूस चकासमोर उभा असेल तर ज्याला काम येतं त्याला तो बघताक्षणी खोटा वाटतो, आणि ज्याला येत नाही तो त्याच्याकडून चुकीचं शिकतो. दुसरी शक्यता जास्त वाईट.

यानंतर आम्ही चेहऱ्यावरचं काम थांबवलं आणि नजरेवर सुरू केलं. मिस्त्रींचं मत होतं, ‘बोलतंय बरं, खरं बघत न्हाई की कुठं.’ खरंच, मामा सतत समोरच्याच्या डोळ्यांत बघत बोलत होता, आणि तसं फक्त विमा विकणारे करतात. माणूस बोलायला लागताना नजर वळवतो आणि वाक्य संपत आलं की परत आणतो; अ‍ॅडम केंडन यांनी हे १९६७ मध्येच नोंदवलंय. कामाच्या जागी त्यात तिसरी गोष्ट असते, ती म्हणजे जॉब. तेव्हा क्रम असा बसवला: आधी डोळे कातणाऱ्या टूलकडं, मग मान, मग हात, मग शब्द. शब्द संपताना नजर पोराकडं, आणि पोरगं कुठं बघतंय ते पाहायचं. चष्म्याला पोराची नजर कळते. ते टूलच्या टोकाकडं बघत नसेल तर मामा पुढं बोलत नाही, पुन्हा एकदा टूलकडं बघतो आणि थांबतो. ‘ह्यो माझ्याकडं बघूलाय की!’ असं एक पोरगं जवळजवळ ओरडलंच. तोपर्यंत मामा त्याच्यासाठी टीव्ही होता.

होकाराचा घोटाळा वेगळा. शॉपमध्ये ग्राइंडर, कॉम्प्रेसर आणि शेजारच्या शेडमधला प्रेस असा आवाज की बोलणं ओळखणाऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरनं हात टेकावेत. शिवाय वाक्य मराठीत सुरू होऊन कन्नडमध्ये संपतं आणि मधले सगळे जिन्नस इंग्रजी. म्हणून मान हलवण्यावर भिस्त ठेवली, चष्म्याला डोक्याची हालचाल अचूक कळते. तयार मॉड्यूलमध्ये मान खाली-वर म्हणजे हो, डावी-उजवी म्हणजे नाही. आमच्याकडचा ‘हो’ यातला कुठलाच नाही, आमची मान खांद्याकडं तिरकी डुलते. यंत्र गोंधळून तीच पायरी पुन्हा सांगायचं आणि पोरं वैतागून आणखी जोरात डुलवायची. तिरक्या झुकण्याचा अक्ष वेगळा असतो, त्यामुळं प्रोग्रॅमरनं तो वेगळा काढून ‘हो’मध्ये टाकला. काम अर्ध्या दिवसाचं. पण त्यानंतर मामा बेळगावचा झाला असं मला वाटतं, भाषेनं नव्हे.

भाषेचं म्हणाल तर आवाज मिस्त्रींचाच घेतला. आधी नाटकात काम करणाऱ्या एका गुणी माणसाकडून ओळी म्हणवून घेतल्या होत्या. स्वच्छ, खणखणीत, प्रत्येक शब्द सुटा. पोरं शांतपणे ऐकायची, आकाशवाणी ऐकावी तशी. मिस्त्रींना स्टुडिओत बसवलं तर त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी रविवारी शॉप बंद असताना त्यांना लेथसमोरच उभं केलं, कॉलरला माइक लावला आणि काम करायला सांगितलं. मग वाक्यं आली, मधल्या थांब्यांसकट. जॉब चकात धरून, आवळून, हातानं एक फेरा फिरवून बघताना ते जो ‘हं’ काढतात, तो लिहून देता येत नाही. तेच सगळं त्यांनी कन्नडमध्येही सांगितलं; बैलहोंगलकडच्या पोरांसाठी ते रोज तसं सांगतातच. एकाच माणसाचे दोन्ही आवाज असल्यामुळं भाषा बदलली तरी मामा बदलत नाही. बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं त्या १९५६ पासून इथं फलकांवरच्या अक्षरांच्या आकारावरूनही वातावरण तापतं, पण मामाच्या बाबतीत कुणी चकार शब्द काढला नाही. चक आवळताना माणूस ‘साकु’ म्हणाला काय आणि ‘बस’ म्हणाला काय, हात थांबल्याशी मतलब.

रेकॉर्ड केलेल्या ओळी म्हणजे बोलणं मर्यादित. मालकांच्या पुतण्याचा आग्रह होता की हल्लीची भाषा-मॉडेलं जोडा, मामा कशावरही बोलेल. करून बघितलं. मामा खरोखर कशावरही बोलला आणि त्याच ठाम आवाजात आरपीएमही (मिनिटाला किती फेरे) सांगू लागला. तो आकडा बरोबर असेलही, पण ‘असेल’ या शब्दावर लेथ चालवत नाहीत. कापायचा वेग धातूवर, व्यासावर, टूलवर ठरतो, आणि त्यात जास्तीचा आत्मविश्वास हा दुर्गुण आहे. तेव्हा ठरवलं की मामाला जेवढं येतं तेवढंच तो बोलणार. बाकी कशालाही त्याचं एकच उत्तर: ‘हे मला ठाऊक न्हाई, फोरमनला विचार.’ गंमत म्हणजे याच ओळीनं पोरांचा त्याच्यावर विश्वास बसला. ‘ठाऊक न्हाई’ म्हणणारा ठाऊक असलेलं खरं सांगत असणार, असा त्यांचा सरळ हिशेब.

उत्तराला लागणारा वेळ हा आणखी एक काटा. २००९ मध्ये दहा भाषांवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं की बोलण्यात एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद लागतात, म्हणजे पापणी लवते तेवढाच वेळ. आमच्या यंत्रणेला मान ओळखून, पायरी तपासून ओळ निवडायला त्याच्या कितीतरी पट लागायचे. वेग वाढवायच्या नादी फार लागलो नाही. मामा त्या वेळात जॉबकडं वाकून बघतो, श्वास घेतो, मिशीवर बोट फिरवतो. घाई नसलेल्या माणसाला उशीर शोभतो.

मशीन चालू असताना काय करायचं यावर सगळ्यात जास्त वाद झाला. माझ्या पार्टनरला चालू चकाभोवती बाण, आकडे, लाल वर्तुळं हवी होती, दाखवायला छान दिसतात. मिस्त्रींनी सरळ नाही म्हटलं. चालू चकावर डोळ्याआड येणारं काहीही नको, मामासुद्धा नको. मोटारीच्या वायरीवर करंट सेन्सर बसवला, तो वायफायवरून चष्म्याला कळवतो. मोटार सुरू झाली की चष्म्यातल्या सगळ्या खुणा विझतात. मामा बोलत असेल तर वाक्याच्या मध्यात, शब्दाच्या मध्यात थांबतो, चकाकडं मान वळवतो आणि टेलस्टॉकच्या टोकाला सरकून गप्प उभा राहतो. मोटार बंद होऊन चक पूर्ण थांबेपर्यंत हू नाही की चू नाही. मग ‘हं, तर काय सांगत होतो...’ म्हणून पुढचं वाक्य. वाक्य मध्येच तोडणं हे आमच्या व्यवसायात पाप समजतात. पण सगळ्या पोरांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच सांगितलं की मामा गप्प झाला तेव्हा तो पहिल्यांदा खरा वाटला. ‘मायक्रोसॉफ्ट ऑफिस ९७’ या सॉफ्टवेअरमधली ती कागदाची पिन आठवते? पत्र लिहायला घेतलं की ‘मदत करू का’ म्हणून टपकणारी. तिचा चेहरा वाईट नव्हता, तिला गप्प बसता येत नव्हतं.

मामाच्या उभं राहण्याच्या जागेवर पुढंही काम झालं. हाताच्या अंतरावर आला की पोरं मागं सरकायची आणि मुली तर एक पाऊल जास्तच. खोटा आहे हे ठाऊक असूनही सरकायची. स्टॅनफर्डच्या २०१९ मधल्या एका प्रयोगात आभासी व्यक्ती ज्या खुर्चीत बसलेली दिसली, तिथं चष्मा उतरवल्यावरही बहुतेकांनी बसणं टाळलं, ते वाचलेलं होतं. म्हणून अंतर सव्वा मीटरच्या आत येऊ दिलं नाही. दुसरीकडं शॉप म्हणजे रहदारी. ट्रॉली ढकलत हेल्पर मामाच्या आरपार निघून जायचा, आणि एकदा असं झालं की दिवसभर पोरं मामावर हसायची. येणाऱ्या माणसाला ओळखून मामानं बाजूला व्हावं असा प्रोग्रॅम लिहून झाला, पण तो दर वेळी जरासा उशिरा सरकायचा. शेवटी टेलस्टॉक आणि टूलचं कपाट यांच्यामधला कोपरा सापडला, तिथून कुणी जातच नाही. हुशारीनं जे साधलं नाही ते कोपऱ्यानं साधलं. काम संपल्यावर तो हवेत विरत नाही, कपाटामागं चालत जातो. आधी नुसता गायब व्हायचा तेव्हा पुढचं पोरगं घाबरून विचारायचं, ‘अजून बघूलाय काय ह्यो?’ माणूस निघून गेलेला दिसला की मगच ती मोकळी होतात.

चावीचं शिल्लक राहिलं होतं. चकात चावी विसरून मोटार चालू करणं हा लेथवरचा सगळ्यात जुना अपघात. चावी आत असेल तर मामानं काय करावं? मॅनेजरांचं म्हणणं, नम्रपणे आठवण करून द्यावी. मिस्त्रींचं म्हणणं, शिवी घालावी. दोन्ही रेकॉर्ड करून ठेवलंय, दुसरं अर्थात मालकांना ऐकवलेलं नाही. पहिल्यांदा आम्ही मामाला काहीच बोलू दिलं नाही. हाताची घडी घालतो, चावीकडं बघतो आणि चावी निघेपर्यंत हलत नाही, पुढची पायरी येतच नाही. बहुतेक पोरांना कळतं. एकानं मात्र चष्मा अडकला म्हणून तक्रार केली, तोपर्यंत चावी चकातच होती. म्हणून आता मामा थोडा वेळ थांबून एकच शब्द बोलतो, ‘चावी.’ आणि स्प्रिंगची चावी, जी हात सोडला की आपोआप बाहेर येते, ती मालकांनी सगळ्या लेथना घेतली. ती कुठल्याही मामापेक्षा चांगली, हे मी स्वतःच त्यांना सांगितलं.

आता मालकांना मिलिंगसाठीही मामा हवाय. मिस्त्रींनी होकार दिलाय, पण एका अटीवर. आवाज, कपडे, ओळी सगळं नंतर. आधी ते मिलिंग मशीनभोवती खडूनं रेघ मारून देणार, कटर फिरताना माणसानं कुठपर्यंत यायचं त्याची. गेल्या आठवड्यात आम्ही ती मारायला गेलो, तर मशीनच्या तीन बाजूंना जागाच नाही, मामाला उभं करायचं तर आधी भंगाराचा पिंजरा हलवावा लागेल. मालक म्हणाले, बघू. पिंजरा अजून तिथंच आहे.